सलग तीनशे अकरा

"तीनशे अकरा," क्लबाच्या नोंदी ठेवणारा आकडेवाला म्हणाला. "सलग. एकही सामना चुकवलेला नाही. साठ वर्षांत आपल्या क्लबाचा असा दुसरा गोलरक्षक दाखवा."

आइस हॉकी क्लबाच्या इतिहासातले दहा थोर खेळाडू क्रमाने लावायला पाच जण सकाळपासून बसले होते. खाली रिंकवर बर्फ घासायचं यंत्र फिरत होतं आणि त्याच्या घरघरीने खिडकीची काच थरथरत होती. पाचव्यापासून दहाव्यापर्यंतची नावं भांडून का होईना, ठरली होती. पहिल्या दोघांवर वाद नव्हता. पहिला जाऊन तर बारा वर्षं झाली होती, आणि मेलेल्या माणसाशी कोण भांडणार? घोडं अडलं होतं तिसऱ्यावर.

दावेदार दोन. एक 'वारा', डाव्या बाजूचा आघाडीवीर, साठी उलटली तरी रोज सकाळी तलाव पोहून येणारा. दुसरा 'कुलूप'. त्याने चकती अडवली की प्रेक्षक ओरडायचे, "लागलं कुलूप!" दिसायला हा नुसता मानाचा प्रश्न होता. पण क्लबाच्या नियमांत एक ओळ होती: पहिल्या तिघांना टेकडीवरच्या शुश्रूषागृहात हयातभर खोली मिळेल. वाऱ्याला खोलीचं काय करायचं होतं? कुलूपला मात्र ती हवीच होती. गेल्या दोन वर्षांत तो चारदा स्वतःचं घर विसरला होता. मागच्या आठवड्यात बायकोला चोर समजून त्याने तिला जिन्यावरून ढकललं होतं. चौथा क्रमांक म्हणजे त्या दोघांना पुन्हा तेच घर आणि तोच जिना.

"जो हजर, तो थोर," अध्यक्ष म्हणाले. हे जुन्या प्रशिक्षकांचं म्हणणं, आणि क्लबात ते वेदवाक्य होतं. गोल, करंडक सगळं एका पारड्यात आणि न चुकवलेले सामने दुसऱ्यात. "दोन मतं कुलूपला, दोन वाऱ्याला. डॉक्टर, आता तुमच्यावर आहे."

डॉक्टरांनी तीस वर्षं संघाचं काम केलं होतं. त्यांच्या कोटाच्या खिशात एक निळी डायरी होती. क्लबाच्या नोंदवहीत कुलूपच्या नावापुढे त्यांनी दर वेळी 'खेळण्यास योग्य' असं लिहिलं होतं. डायरीत खरं लिहिलं होतं. डोक्याला मार, एकोणीस वेळा. एकाचे दोन दिसतात. ओकाऱ्या. कालचा दिवस आठवत नाही. आज ही डायरी टेबलावर ठेवायचीच, असं ठरवून ते घरून निघाले होते, कारण मन खात होतं आणि आता ते सहन होत नव्हतं. पण सकाळी आकडेवाल्याने नियम वाचून दाखवला आणि त्यांचा हात खिशातच राहिला. अयोग्य खेळाडू उतरवला, तर तो सामना त्याच्या नावावर धरत नाहीत. एकोणीस सामने गळाले की सलगता तुटली, आणि वारा तिसरा. पाप डॉक्टरांचं, कबुली डॉक्टरांची, आणि शिक्षा ज्याचं डोकं फुटलं त्याला.

"पाच मिनिटं द्या," म्हणून ते उठले.

बाहेरच्या बाकावर कुलूप आणि त्याची बायको बसली होती. यादीसाठी त्याचा जुना फोटो मागवला होता, तो द्यायला ती आली होती. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून त्यालाही सोबत आणलं होतं. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. उजव्या हाताने ती त्याच्या जॅकेटची चेन लावायची खटपट करत होती. तो समोरच्या भिंतीवरचे खेळाडूंचे फोटो बघत होता. त्यांत एक त्याचाही होता, पण नजर त्यावरून तशीच पुढे गेली.

डॉक्टर तिच्याशेजारी बसले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

"वहिनी, आत जाऊन मला खरं सांगायचंय. कितीतरी वेळा तो खेळण्याच्या अवस्थेत नसायचा. डोक्याला मार बसला की पुढच्या सामन्याआधी मी त्याला पाच प्रश्न विचारायचो. वार कोणता, महिना कोणता, समोर कोणता संघ, मागचा सामना कोणी जिंकला, बायकोचं नाव काय. दर वेळी हेच, याच क्रमाने. तो हातमोज्यात चिठ्ठी ठेवायचा आणि बघून उत्तरं द्यायचा. मला दिसायची ती. मी छताकडे बघायचो."

चेन एकदाची लागली. तिने ती गळ्यापर्यंत ओढली.

"हे सांगितलं तर खोली जाईल?" तिने विचारलं.

"जाईल."

"मग आत जा, यांच्या बाजूने हात वर करा आणि गप्प बसा."

"पुन्हा गप्प बसू?" डॉक्टरांचा आवाज फाटला. "एकदा बसलो त्याचं काय झालं, ते बघताय ना? वहिनी, तुम्ही मला शिव्या तरी द्या. तुमच्या माणसाचं मी हे करून ठेवलं."

"कोणत्या तोंडाने देऊ?" ती म्हणाली. "सामना चुकेल या नुसत्या धास्तीने हे चार-चार दिवस जेवायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही. ती चिठ्ठी मीच लिहून द्यायचे, डॉक्टर. खाली शेवटी माझं नावसुद्धा."