चिमूटभर खाणं

नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. मुलीनं त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, नळी हलवली, उजेडात धरली. पाणी हळूहळू हिरवं झालं.

"बघा," काका म्हणाले. "रोज हेच."

मुलगी शोभेच्या माशांच्या दुकानातली होती. टाकी तिनंच मांडून दिली होती, त्यामुळे काही बिनसलं की यायचंही तिनंच. काकांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर घरात काहीतरी हलतं-चालतं हवं म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. मासे दोनच, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. आज दोघंही पार वर येऊन तोंडं उघडत, मिटत होते.

"अमोनिया आहे," ती म्हणाली. "माशांची घाण, कुजलेलं खाणं, त्याचं विष. टाकीतले जिवाणू ते पचवतात, पण नवीन टाकीत त्यांची ताकद ती किती असणार?"

"मासे सोडायची घाई नाही केली हं मी. तुम्ही म्हणालात तितके दिवस नुसत्या पाण्याकडे बघत बसलो. शेजारचे विचारायचे, पाणी पाळलंय का?"

ती हसली. "गाळणीचा स्पंज नळाखाली नाही ना धुतला? जिवाणू मरतात त्यानं."

"छे. टाकीतून काढलेल्या पाण्यातच बुचकळतो."

"पाणी आटलं की?"

"साधं पाणी घालतो. मीठ थोडंच उडून जातं! तुम्हीच सांगितलंत ना?" आपला धडा पाठ असल्याचं काकांना जरा बरं वाटलं. "पंपही खोलून पाहिला. पुन्हा खोलू?"

"पंपाला कशाला छळताय, काका? तो बिचारा चांगला चाललाय."

तिनं खारटपणा मापला. तोही बरोबर होता.

काकू चहाचा कप घेऊन आल्या. तो मुलीच्या हाती देऊन त्या टाकीशी गेल्या, शेजारचा डबा उघडला, चिमूटभर खाणं पाण्यावर भुरभुरलं. "बघा कशी तोंडं उघडतायत," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय बाळांना." आणि आत गेल्या.

मुलीनं तळाशी बॅटरीचा झोत टाकला. खडकामागे राखाडी लगदा साचला होता. ती वाकून तो पाहत होती, तेवढ्यात पुन्हा पावलं वाजली. काकू आल्या, डबा उघडला, चिमूट भुरभुरली. "भुकेजलीत बिचारी," म्हणाल्या. मग मुलीकडे वळून त्यांनी हसून विचारलं, "चहा घेणार ना गं?"

मुलीच्या हातातला कप अजून अर्धा भरलेला होता.

"घेईन की, काकू," ती म्हणाली.

काकू आत गेल्या. काका फडक्यानं काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

"काका," मुलगी आवाज उतरवून म्हणाली, "डबा जरा वरच्या कपाटात ठेवलात तर..."

"ठेवला होता." काकांनी फडक्याची घडी घातली. "दिवसभर शोधत होती. काय शोधतेय, तेही सांगता येईना. स्वयंपाकघरातली सगळी भांडी खाली काढली. मग इथे येऊन रडायला लागली, पोरं उपाशी आहेत म्हणून." त्यांनी घडी पुन्हा उलगडली. "मीच आणून दिला डबा."

"डॉक्टरांना..."

"दाखवलंय."

मुलीनं नळी विसळून पेटीत ठेवली.

"मला एक सांगा," काका म्हणाले. "तुम्ही पाणी आठवड्याला बदलायला सांगितलंत. मी रोज थोडं थोडं बदललं, तर ही दोघं तगतील?"

"रोज? अहो, नुसतं ओतायचं नसतं ते. आदल्या दिवशी मीठ कालवायचं, खारटपणा जुळवायचा, टाकीइतकंच कोमट करायचं. तळाचा गाळ ओढून काढायचा. शिवाय बादल्या उचलायच्या. किती दिवस रेटणार?"

"ते राहू द्या. तगतील का?"

मुलीनं माशांकडे पाहिलं, मग काकांच्या हातांकडे.

"तगतील," ती म्हणाली.

कालवलेलं पाणी बाल्कनीत तयारच होतं. ती दोघं कामाला लागली. तिनं प्लास्टिकची नळी धरून गाळ ओढला, काकांनी नवं पाणी मगानं हळूहळू सोडलं. बऱ्याच वेळानं एक मासा खाली उतरला, खडकाला वळसा घालून आला. दुसरा मात्र अजून वरच होता.

काकू दुसरा कप घेऊन आल्या. मुलीनं तो घेतला आणि पहिला खुर्चीमागे सरकवला. काकूंनी डबा उचलला, झाकण काढलं, चिमूट भरली. आणि हात तसाच पाण्यावर धरून त्या थबकल्या. खाण्याकडे पाहिलं, मग ओल्या फरशीकडे, मग नवऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी मघाशी घातलं का हो यांना?"

मुलीनं कपात नजर घातली.

"नाही गं," काका म्हणाले. त्यांनी रिकामी बादली उचलली. "तू घाल. पाण्याचं मी बघतो."