बोटभर बाही

कोटाची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब निघाली होती. हे पाप कोणाच्या माथी मारायचं, यावरून शिवणाच्या खोलीत सकाळपासून जुंपली होती.

मास्तरांचं म्हणणं, कापड आपण बरोबर बेतलं, जोडताना शिलाईवाल्याने ओढलं. शिलाईवाला म्हणे, कात्रीच तिरकी चालली तर सुई काय करणार? दोघं आपापलं गाऱ्हाणं घेऊन आळीपाळीने इस्त्रीच्या टेबलाशी येत, आणि इस्त्रीवाला दोघांनाही म्हणे, "खरंय." त्यात लबाडी होती असंही नाही. मास्तर बोलत तेव्हा त्याला मास्तरांचं पटे, शिलाईवाला बोले तेव्हा त्याचं. दोन उलट गोष्टी एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने कशा नांदतात, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे. शिवाय सकाळचा चहा मास्तरांकडून येई, दुपारचा शिलाईवाल्याकडून.

जेवणानंतर मालकीणबाई आल्या. कोट बिघडण्याची ही पहिली खेप नव्हती. ज्याची चूक निघेल त्याने उद्यापासून यायचं नाही, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं आणि कोट इस्त्रीवाल्याच्या अंगावर चढवला. गिऱ्हाईक त्याच्याच चणीचं होतं.

तो आरशापुढे उभा राहिला. मागे दोन चेहरे, दोन्ही त्याच्याकडे डोळे लावून. त्याने हळूच उजवा खांदा पाडला. बाह्या अगदी बरोबरीत आल्या.

"गिऱ्हाईकालाही असंच उभं राहायला शिकवणार आहेस का?" बाईंनी विचारलं. "सरळ हो."

तो सरळ झाला. डावी बाही पुन्हा बोटभर खाली दिसू लागली.

मग मास्तर खाकरले. "तसं वाफेनंही कापड सैल पडतं म्हणा."

शिलाईवाल्याने सकाळपासून पहिल्यांदाच मास्तरांकडे आपुलकीने पाहिलं. "मी तेच म्हणणार होतो. इस्त्री जरा जास्तच फिरली असेल."

बाई इस्त्रीवाल्याकडे वळल्या. "ऐकलंस ना हे दोघं काय म्हणतात ते?"

कोटाला अजून इस्त्री लागलीच नव्हती. ते सांगायला त्याने तोंड उघडलं. आरशात ते दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते.

"खरंय," तो म्हणाला.