तव्याचा डाग

स्टुडिओत पंखा बंद.

फोटोतल्या सरबतातला बर्फ काचेचा. आइस्क्रीम म्हणजे उकडलेला बटाटा.

भडगावला, गिरणा नदीकाठच्या तानुबाईंच्या घरात चूल कधीच मोडली. सगळा स्वयंपाक गॅसवर.

जळगावात हेमांगीच्या नवऱ्याने, ललितने, मागची खोली रंगवून घेतली. पिस्ता रंग. सासूबाईंना आवडतो म्हणून.

भाकरीवर ओलं फडकं फिरवलं की ती आत्ताची वाटते.

“हाई भाकर शिळी शे ना व?” तानुबाईंनी विचारलं.

“कालचीच आहे, माय,” हेमांगी म्हणाली. “ताजी भाकरी दिव्यांखाली मान टाकते. कालची ताठ राहते.”

धुळ्याकडच्या एका नव्या हॉटेलच्या मेन्यूकार्डाचं काम होतं. फोटो काढायचा कुंदन. त्याआधी ताट सजवायची हेमांगी. तोच तिचा व्यवसाय. तानुबाई दिवाळीला लेकीकडे आल्या होत्या. घरी एकटीने काय करणार, म्हणून आज स्टुडिओत.

त्या फार वाळल्या होत्या. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. हेमांगीने ते दारातच पाहिलं आणि मायला आता परत जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. पिस्ता खोली त्यासाठीच होती.

कुंदनने चहा दिला. तानुबाईंनी कप दोन्ही हातांनी धरला.

“वाटी भरेल कशी दिखास? भाजी ते चमचाभर टाकी तू.”

“आत उपडी वाटी आहे.”

“आनि वाफ कशी इस?”

कुंदनने ताटामागे उदबत्ती धरली. शेवभाजीवर पांढरी रेघ चढली. “देवाला जरा थांबायला सांगितलंय, काकू.”

तानुबाई हसल्या नाहीत. “बठ्ठं खोटं शे. येन्हानी कोन्हं पोट भरी?”

हेमांगीने वाटीवर कोथिंबिरीचं पान ठेवलं. माय गावात सांगते, लेक मसाल्याच्या कंपनीत आहे. अन्नाला रंग फासते हे सांगायची तिला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाईंची पिशवी भरलेली होती.

“मी मन्हा घर जासू.”

“तिथे तू जेवत नाहीस, माय.”

“खास ना मी. दोन टाइम खास.”

“कुणी पाहिलंय?”

तोडगा ललितने काढला. रोज दुपारी जेवायला बसलं की ताटाचा फोटो पाठवायचा. ज्या दिवशी फोटो नाही, त्या दिवशी तो गाडी घेऊन भडगावला येणार. मग पिस्ता खोली, कायमची.

“त्या खोलीमा माले नींद येवाव नही, जावईबापू,” तानुबाई म्हणाल्या. “मन्हं घर ते मन्हं घर.”

“मग फोटो चुकवू नका.”

पहिल्या फोटोत निम्मा अंगठा होता. बाकी अंधार. भाकरी, भाजीची वाटी, बाजूला मीठ.

“खिडकीपाशी ठेव ताट,” हेमांगीने फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताट खिडकीपाशी आलं. चार दिवसांनी वाटीवर कोथिंबिरीचं पान. मग ताटाखाली गोणपाट, स्टुडिओत होतं तसंच, कडेचे धागे मोकळे सोडलेले. हेमांगी तो फोटो कितीतरी वेळ पाहत बसली. तिच्या कामाला खोटं म्हणणारी माय तिच्यासारखं ताट मांडत होती.

तिने फोटो मोठा करून पाहिला. सवयच ती. भाकरीच्या डाव्या कडेला काळा डाग होता. कालच्या भाकरीवरही तिथेच. परवाच्याही.

“माय, तवा बदल. रोज एकाच जागी करपतंय.”

“जुना शे. ऱ्हाऊ दे.”

त्यानंतर डागावर कांद्याची चकती येऊ लागली. हेमांगी एकटीच मोठ्याने हसली. तिनेही नेमकं तेच केलं असतं.

लग्नसराईची कामं आली. केटरिंगवाल्यांना पुस्तिका हव्या होत्या. भडगावला जाणं राहून गेलं. पण फोटो येत होता, तेव्हा घाई नव्हती. गावचं कुणी भेटलं की ती पिशवी द्यायची.

“काय पाठवू, माय?”

“उदबत्ती धाड.”

“परत? मागच्या पुड्यांचं काय झालं?”

“देवले लागस ना व.”

“आणि गहू, ज्वारी?”

“शे ना. बठ्ठं शे घरमा.”

थंडीत भरताचा फोटो आला. हिरव्या वांग्याचं भरीत, वर तेलाची चकाकी, कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी, डाव्या कडेला कांद्याची चकती. ताटावर वाफेची एक सरळ, बारीक रेघ. हेमांगीने कुंदनला दाखवला.

“अरे वा,” कुंदन म्हणाला. “अशी वाफ आपल्याला कधी जमली? काकूंना कामावर घे आणि तू सुट्टीवर जा.”

हेमांगीने तिथूनच फोन लावला.

“माय, भरीत काय सुरेख दिसतंय!”

“दिखास ना?”

“कुंदन म्हणतो, तुला कामावर घ्यायचं.”

“काय देई तो? च्या?” आवाज बारीक होता, पण हसरा होता.

“जेवलीस ना?”

“तूच दखी लिधं ना.”

संध्याकाळी हेमांगीने गोणपाटं, पितळी ताटं आणि काचेच्या बर्फाचे डबे पिस्ता खोलीत हलवले. ललित दारात उभा होता.

“आणि आई?”

“ती कशाला येतेय आता?” हेमांगी म्हणाली. “छान चाललंय तिचं. बघितलंस ना ताट?”

तिने भरताचा फोटो छापून आणला होता. तो खोलीच्या भिंतीवर, खिळा ठोकून लावला.

भडगावच्या घरात चूल नव्हती, आणि गॅसचं सिलिंडर दिवाळीच्याही आधी, पोळ्याला संपलं होतं. तानुबाईंनी दुसरं मागवलंच नव्हतं.