दोनदा म्हटलेलं कडवं

“आबा, सडकेचं गानं आज नोको,” नितेशनं स्टेजमागं तिसऱ्यांदा विनवलं. नितेश जयंती मंडळाचा अध्यक्ष. “डीजे आमदारसाहेबांनी लावून देल्ला. पोट्टे नाचतीन असं काही म्हना.”

“तुया डीजेवाल्याचं गानं लिहून घ्याले पोलीस येते का?” पुंजाजींनी विचारलं.

“नाही.”

“मायं घ्याले येते.”

चाळीस वर्षं जलशात गाणाऱ्या या शाहिराचा हा एकच ताम्रपट. अकोल्यात गाणारे पैशाला पासरी झाले होते. एकाच्या गाण्यात साहेब दमदार, दुसऱ्याच्या गाण्यात भाऊ वाघ. सरकारनं माणूस लावला तो मात्र फक्त पुंजाजींच्या मागं. चंद्रभान जमादार साध्या कपड्यात यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि शब्दन् शब्द वहीत उतरवायचे.

पुंजाजीही पक्के. जमादारांचा हात मागं पडू नये म्हणून प्रत्येक कडवं दोनदा म्हणायचे. वैऱ्यानं लिहावं, पण चुकीचं लिहू नये, हा त्यांचा बाणा. लोक हसायचे, आणि हसता हसता कडवं पाठ करून घरी जायचे.

जठारपेठेतलं ऊन उतरलं तसा कार्यक्रम सुरू झाला. पुंजाजींनी आधी पहिली रांग पाहिली. जमादार नव्हते. पुंजाजींनी मागच्या रांगाही नजरेनं धुंडाळल्या. ज्या गाण्याला सरकार भीत नाही ते गाणं नव्हे, वरातीचा बँड, असं ते स्वतःच जन्मभर सांगत आले होते. आज जमादार आले नाहीत तर नितेशचंच खरं. मग डफ खुंटीला टांगलेला बरा.

तेवढ्यात घाम पुसत जमादार आले. बसले. वही उघडली.

पुंजाजींची छाती फुलली. समोर बसलेल्या आमदारांकडे बघत त्यांनी डफावर थाप मारली.

“सडक खाल्ली, पूल खाल्ला,
ढेकर कोनाचा आला?”

आमदार मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले. नितेशनं कपाळावर हात मारला. जमादारांनी मात्र मान वर केली. “शाहीर, हे कडवं अजून एक डाव म्हना!”

भर सभेत पोलिसानं फर्माइश करावी! पुंजाजींनी ते तिसऱ्यांदा म्हटलं, पहिल्यापेक्षा खड्या आवाजात.

कार्यक्रम संपल्यावर ते ताठ मानेनं जमादारांजवळ गेले. “घेतलं नं समदं लिहून? सांगा आता तुमच्या साहेबाले. म्हनाव, पुंजाजी अजून जिता हाय.”

“कोन्त्या साहेबाले, शाहीर?” जमादार संकोचून म्हणाले. “तुमच्यावर मानूस लावनं सरकारनं कवाच बंद केलं. मले रिटायर होऊनच तीन वर्सं झाले. तवापासून गान्याच्या आवडीनं येतो.”

पुंजाजींना बसायला खुर्ची लागली.

“मंग कोनासाठी लिहून राहिले?”

“मायी नात अमरावतीले शिकते. उद्या कॉलेजच्या सडकेसाठी पोरींचा मोर्चा हाय कलेक्टर कचेरीवर. तिनं बजावलं मले, एक शब्द चुकू देऊ नोका, दोनशे पोरी म्हननार हायेत.”