दमाची गाडी

नॉरीन गाडीत बसली, लगेच उतरली, आणि दार धरून पुन्हा बसली. शोरूममधला तरुण विक्रेता आता जरा घाबरला होता. इंजिनाबद्दल या बाईंनी अजून एक अवाक्षर विचारलं नव्हतं.

"मॅडम, दोन टनांची कॅरॅव्हॅन, म्हणजे अख्खं चाकांवरचं घर, ही एसयूव्ही हसत ओढेल. डोंगरावर, चिखलात, कुठेही."

"ओढेल रे. जमिनीपासून सीट किती उंच आहे?"

त्याला माहीत नव्हतं. नॉरीनने पर्समधून शिवणकामाचा टेप काढला आणि स्वतःच मोजलं. घरातल्या स्वयंपाकघरात एक खुर्ची होती. फक्त त्याच खुर्चीवरून तिचा नवरा मॅल्कम कुणाचा हात न धरता उठायचा. त्या खुर्चीची उंची तिला पाठ होती. ही बरोबर तेवढीच भरली. आधीच्या दोन गाड्या फार उंच निघाल्या होत्या. त्यांत चढायलाच शिडी लागली असती.

मॅल्कम बाहेर त्यांच्या जुन्या एस्टेट गाडीला टेकून उभा होता. लांबलचक पाठीची, जमिनीलगत बसणारी ती गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तसल्याच गाड्यांनी त्याने उभ्या यॉर्कशरमध्ये कॅरॅव्हॅन ओढली होती, आणि एसयूव्हीवाल्यांना आयुष्यभर नावं ठेवली होती.

"घे, घे," तो म्हणाला. "पोरांना शाळेच्या फाटकात सोडायची गाडी आहे ती. आपली पोरं पन्नाशीला आली, एवढंच."

"तूच म्हणालास ना, एस्टेटमध्ये दम राहिला नाही?"

मॅल्कमने एस्टेटच्या टपावरून हात फिरवला. म्हणाला होता खरा.

गोष्ट मागच्या सप्टेंबरातली. मॅल्कमचा खुबा दोन वर्षं कुरकुरत होता. त्या दिवशी शेतातल्या तळावर कॅरॅव्हॅन लावून झाली, आणि त्याला एस्टेटच्या खोल सीटवरून उठताच येईना. कॅरॅव्हॅनवाल्यांची एक वाईट खोड असते. कुणी नवं आलं की चहाचे मग घेऊन सगळे बाहेर येतात आणि तमाशा बघतात. मॅल्कमने स्वतः वर्षानुवर्षं हेच केलं होतं. आता ते चहाचे मग दुसऱ्यांच्या हातात होते. "क्रिकेट ऐकतोय," असं खिडकीतून सांगून तो आतच बसून राहिला. लीड्सचा सामना पावसाने सकाळीच गुंडाळला होता, हे सगळ्या शेताला माहीत होतं. शेवटी शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या कीथने आणि शेतमालकाने दोन बाजूंनी धरून त्याला बाहेर काढलं. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

घरी येऊन तो म्हणाला, "कॅरॅव्हॅन विकून टाकू. त्या गाडीत आता ओढायचा दम राहिला नाही."

"मग गाडी बदलू," नॉरीन म्हणाली.

तो आपल्याच शब्दांत अडकला. खुब्याचं नाव काढायची त्याची तयारी नव्हती, आणि तिनेही काढलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण कॅरॅव्हॅन गेली की हा माणूस खिडकीपाशी बसून संपेल, हेही तिला कळत होतं. ते ती होऊ देणार नव्हती. हिवाळाभर दर रविवारी ती घरामागची टेकडी चढून यायची आणि उरलेल्या वेळात गाड्या बघायची. विचारणाऱ्याला एकच उत्तर द्यायची: "ओढायला दमदार हवी."

मे महिन्यात ते त्याच शेतात आले. आजूबाजूच्या कॅरॅव्हॅनची दारं उघडली, चहाचे मग घेऊन सगळे बाहेर आले. कीथ सगळ्यांत पुढे होता. नॉरीन मागे उभी राहून हाताने दिशा दाखवत होती. मॅल्कमने कॅरॅव्हॅन एका दमात मागे घेऊन जागेवर बसवली आणि इंजिन बंद केलं.

नॉरीन मुद्दाम पाठ फिरवून हँडल फिरवून कॅरॅव्हॅनचे टेकूचे पाय खाली सोडू लागली. बघायची हिंमत नव्हती. टेप खोटा ठरला तर पुढच्या आठवड्यात कॅरॅव्हॅनवर 'विकणे आहे' लागणार होतं.

दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग ओल्या गवतावर बूट. एक, आणि दुसरा. दार धाडकन लागलं.

ती हँडल फिरवतच राहिली.

"काय रे मॅल्कम," कीथचा आवाज आला, "जन्मभर एस्टेटचे गोडवे गायलास, आणि आता हे धूड?"

मॅल्कम आता दमाचं आणि चिखलाचं सांगेल, असं नॉरीनला वाटलं.

"आमच्या नॉरीनचे गुडघे रे," मॅल्कम सावकाश म्हणाला. "खालच्या सीटवरून उठायला होईना तिला. बोलणार नाही ती, मानी आहे. रविवारी टेकडी चढून आली की कशी बसून असायची, बघवायचं नाही. म्हटलं, आपला हट्ट सोडावा."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कीथच्या बायकोने तर च् च् केलं.

नॉरीनने पाण्याचं पिंप आडवं केलं आणि ढकलत नळाकडे निघाली. चार पावलं ती ताठ चालली. मग सगळं शेत बघतंय याची खात्री करून ती जराशी लंगडली.