खोडमाशीचे एकतीस लेख

"माझे एकतीस लेख कुठायत?" मुळजकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवून संदर्भसूचीवर पुन्हा बोट फिरवलं. "इथे तर एकच दिसतोय."

वृषाली पीएचडीच्या प्रबंधावर गाईडची, म्हणजे सरांची, सही घ्यायला आली होती. प्रबंधाच्या सूचीत गाईडचे सगळे लेख आलेच पाहिजेत, हा विभागाचा अलिखित नियम होता. त्याशिवाय सरांचं पेन सहीसाठी खिशातून निघतच नसे. तिनं मात्र चारशे शोधनिबंध 'नीट लावून दे' म्हणून एआयच्या हवाली केले होते आणि त्यानं लावलेली यादी न वाचताच छापून आणली होती.

"सर, ते एआयनं गाळले," ती पुटपुटली.

"का म्हणून?"

थाप सुचेना, तेव्हा तिनं लॅपटॉपच सरांपुढे वळवला. पडद्यावर लिहिलं होतं : 'ज्वारीच्या खोडमाशीवरचे हे एकतीस लेख म्हणजे एकच लेख आहे. फक्त जिल्ह्याचं नाव बदललं आहे. त्यामुळे एक ठेवून बाकीचे वगळले.'

सरांनी पडद्याला नाक लावून ते दोनदा वाचलं. वृषालीनं मनातल्या मनात पीएचडीवर पाणी सोडलं.

"म्हणजे यानं एकतीसच्या एकतीस वाचले?" सरांचा आवाज चक्क कापत होता.

"हो सर. शेवटपर्यंत."

"पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी वाचले गं!" सरांनी पेन काढून झोकात सही ठोकली आणि खणातून कागदांचा एक गठ्ठा उपसून तिच्यापुढे ठेवला. "हा नांदेडचा. अजून छापायला दिला नाहीये. जरा विचार त्याला, कसा वाटतोय."