कपाळावरचा कॅमेरा

“लावणी आहे ना ही? मग बाई कुठंय?” सरांनी भरल्या वर्गात विचारलं. पूनमच्या परीक्षेच्या व्हिडिओत ढोलकी कडाडत होती, पण दिसत होते फक्त शिट्ट्या मारणारे पुरुष.

“कॅमेरा नाचणारीच्या कपाळावर बांधलाय, सर. तिला दिसतं तेच दाखवलंय.”

“ही थोबाडं कोण बघणार? बाई दाखव, नाहीतर नापास.” मागच्या बाकांवर खसखस पिकली.

तेवढ्यात पडद्यावरचा एकजण दात विचकत स्टेजवर चढला आणि त्याचा हात थेट वर्गाच्या अंगावर आला. सर खुर्चीतून अर्धवट उठले. “ढकल तो व्हिडिओ पुढं.”

पूनमनं माऊस मुठीत आवळला.

“आईला ढकलता आलं नाही, सर. बसा. अजून वन्समोअर व्हायचाय.”